एएमएच कमी आलं की इंजेक्शनाचा डोस वाढवायचाच असतो का?

तुरीचं_फूल
नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातून लिहितेय. प्रश्न माझ्या धाकट्या जावेचा आहे, ती स्वतः लिहायला तयार नाही म्हणून मी विचारते. तिचं वय ३१, लग्नाला सहा वर्षं झाली. यवतमाळला गोळ्या झाल्या, आययूआय (वीर्य थेट गर्भपिशवीत सोडतात ते) झालं, आता नागपूरला टेस्ट ट्यूबचं बघतोय. त्यासाठी रक्त तपासलं तर एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन, ०.९ आलं. एका डॉक्टरांनी रोजचं ३०० युनिटचं इंजेक्शन लिहून दिलं. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले, साठा कमी आहे, ४५० तरी लागतील. इंजेक्शनांचा खर्च युनिटवर असतो, म्हणजे बिल थेट दीडपट. कापूस अजून घरातच पडून आहे, पैसा कुठून उभा करायचा ते आम्हालाच माहीत.

आणि घरात वेगळाच घोळ झालाय. सासूबाईंच्या कानावर 'अंडी संपली' एवढेच दोन शब्द गेले. तिथून ते गावभर झालं. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन घरांतून तिला बोलावणंच आलं नाही. पोरगी कुणाशी बोलत नाही, दिवसभर वावरात काम करते आणि रात्री तो रिपोर्ट काढून बघत बसते.

मला नीट समजून घ्यायचंय. ०.९ म्हणजे मूल होणारच नाही का? एकाच रिपोर्टवर दोन डॉक्टर दोन डोस कसे सांगतात? आणि रक्त राळेगावला काढून बाहेर पाठवलं होतं, तर तो आकडा खरा धरायचा का?

प्रसूतिकक्ष
ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नागपुरात प्रॅक्टिस करते. पेशंट बघितल्याशिवाय तिचा डोस मी सांगणार नाही, पण डोस ठरतो कसा ते सांगते.

आधी सासूबाईंना सांगा, अंडी संपलेली नाहीत. अंडी संपली की पाळी थांबते. बीजकोशात जे अगदी छोटे फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, असतात, त्यांच्यातल्या पेशी एएमएच नावाचं हार्मोन सोडतात. असे फॉलिकल जास्त तर एएमएच जास्त, कमी तर कमी. इंजेक्शन दिल्यावर साधारण किती अंडी हाती लागतील याचा अंदाज त्यावरून येतो. अंडी चांगली आहेत की नाहीत हे तो आकडा सांगत नाही, ते मुख्यतः वयावर असतं. तुमच्या जावेची अंडी कमी येतील, पण जी येतील ती ३१ वर्षांच्या बाईची असतील. चाळिशीतल्या, एएमएच ३ असलेल्या बाईपेक्षा तिचं एकेक अंडं जास्त भरवशाचं आहे.

अमेरिकेत २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल होण्यात अडचण असल्याचं निदान न झालेल्या, ३० ते ४४ वयाच्या साडेसातशे बायका त्यात होत्या. एएमएच कमी असलेल्यांना आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी निघालं नाही. म्हणून जावेला सहा वर्षं दिवस राहिले नाहीत याचं सगळं खापर या ०.९ वर फोडू नका. कारण दुसरीकडेही असू शकतं. गर्भनलिका तपासल्या का? गर्भपिशवीच्या टीबीची तपासणी झाली का? आपल्याकडे हा टीबी गुपचूप बसलेला असतो. आणि दिरांचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट कुठे आहे? तुमच्या पोस्टमध्ये त्यांचा उल्लेखच नाही.

आता ३०० की ४५०. आपण जे इंजेक्शन देतो ते एफएसएच, फॉलिकल वाढवणारं हार्मोन. ते नवीन फॉलिकल तयार करत नाही. त्या महिन्यात वाढीसाठी जे तयार बसलेत, तेवढ्यांनाच वाढवतं. एरवी शरीर त्यातला एकच मोठा करतं आणि बाकीचे वाळून जातात, इंजेक्शनाने ते बाकीचेही तगतात. तयार सहाच असतील तर ३०० युनिटनेही सहाच वाढणार आणि ६०० नेही सहाच. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने, ईएसएचआरईने, २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की अंडी कमी येण्याची शक्यता असलेल्या बाईला ३०० च्या वर डोस देण्याची शिफारस नाही. ४५० सांगणाऱ्या डॉक्टरांना हे आदराने विचारा. त्यांच्याकडे काही कारण असेल तर ते सांगतील.

खर्चाचं_गणित
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एएमएच, एफएसएच, एलएच, टीएसएच, प्रोलॅक्टिन, एस्ट्राडायॉल... आमच्या ताईच्या वेळी फाईल जाड होत गेली आणि खिसा पातळ. 'तुमच्या शरीरानुसार डोस' असं प्रत्येक सेंटर सांगतं. मोजूनमापून डोस दिल्याने मुलं जास्त होतात याला काही पुरावा आहे का?

संत्रेवाला
दादा, मी वरुडकडला. पुराव्याचं मले माहीत नाई, आमच्या घरी जे झालं ते सांगतो. आमचं उलटं होतं. बायकोले पीसीओडी, एएमएच नवाच्या वर. आम्हाले वाटलं, वा, हे तं चांगलंच हाय, अंडे भरपूर हायेत. दवाखान्याचं नाव घेत नाई, पण तिथं येईल तिले सरसकट २२५ चालू करत. बायको माही बारीक, वजन पंचेचाळीसच्या खालीच. कोणी वजन पाह्यलं नाई, कोणी एएमएच पाह्यलं नाई, रिपोर्ट फाईलीत तसाच लावेल होता.

अंडे लय निंगाले. काढून घरी आलो आन् दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पोट फुगाले लागलं. परकराचा नाडा पुरत नव्हता. उलट्या, लघवी अगदी थोडीशी, थेबी गडद पिवळी. रात्री आडवं झालं की दम लागे, तं भितीले उश्या लावून बसून राह्यची. अमरावतीले नेलं, पोटातलं पाणी काढा लागलं. मी वावरातली माती तपासल्याशिवाय युरिया टाकत नाई, अन् इथं माणसाले बिना मोजता औषध!

पुढं दुसऱ्या डॉक्टरीणबाईनं एएमएच आन् वजन दोनी पाहून डोस एकदम कमी ठेवला. शेवटचं इंजेक्शनही वेगळं देलं, गर्भ गोठवून ठेवले आन् दोन महिने आराम करू देला. काही त्रास झाला नाई.

प्रसूतिकक्ष
संत्रेवाला दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. या त्रासाला ओएचएसएस म्हणतात, इंजेक्शनाने बीजकोश गरजेपेक्षा जास्त चेतवले गेले की तो होतो. एएमएच साडेतीनच्या वर, पीसीओडी, वजन कमी, वय कमी, या बायकांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. पोट ताणणं, भराभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पाऊस, थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. दिवस राहिले तर हा त्रास आठ-दहा दिवसांनी पुन्हा उचल खाऊ शकतो, म्हणून गर्भ गोठवून ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग. तुमच्या घरी शेवटी दिलं ते वेगळं इंजेक्शन, अंडी पिकवायला देतात तो ट्रिगर, म्हणजे बहुधा अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर. नेहमीच्या एचसीजी ट्रिगरपेक्षा त्याने हा धोका खूप कमी होतो.

खर्चाचं_गणित, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आकड्यांनीच उत्तर देते. एएमएच आणि वजन या दोन गोष्टींवरूनच डोस ठरवायचा असं एक एफएसएच आहे, फॉलिट्रोपिन डेल्टा. युनिटमध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये मिळतं. त्याची ईस्थर-१ नावाची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, अकरा देशांतल्या तेराशेहून जास्त बायका. एका गटाला मोजून डोस, दुसऱ्या गटाला नेहमीची १५० युनिटची सुरुवात. गर्भ टिकण्याचं प्रमाण मोजून दिलेल्या गटात ३०.७ टक्के आणि नेहमीच्या गटात ३१.६. म्हणजे फरक नाही. पण आठ ते चौदा अंडी, जी हवी असतात, ती मिळालेल्या बायका ४३.३ टक्के विरुद्ध ३८.४. आणि ओएचएसएस टाळायला धावपळ करावी लागलेल्या २.३ टक्के विरुद्ध ४.५.

त्याच वर्षी नेदरलँड्समधली ऑप्टिमिस्ट चाचणी आली. तिथे एएमएचऐवजी सोनोग्राफीत दिसणारे छोटे फॉलिकल मोजून डोस ठरवला होता. मुलं जन्माला येण्याच्या प्रमाणात तिथेही फरक नाही. मात्र ज्यांना जास्त अंडी येणार असा अंदाज होता, त्यांना कमी डोस दिल्यावर ओएचएसएस कमी झाला.

तेव्हा, मोजल्याने मुलं जास्त होतात असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. मोजल्याने बाई सुखरूप राहते आणि फुकटचं औषध टोचलं जात नाही. माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे. दादांच्या मातीसारखंच हे, तपासणी खताचं प्रमाण सांगते, पाऊस किती पडेल ते सांगत नाही.

खर्चाचं_गणित
हे असं आम्हाला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. आभारी आहे, डॉक्टर.

परीक्षानळी
मी हिंगणघाटला लॅबमध्ये आहे. तुरीचं_फूल ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण आकड्यांचा घोळ रोज बघतो.

एएमएच दोन एककांत येतं. एक नॅनोग्रॅम प्रति मिली, दुसरं पिकोमोल प्रति लिटर. पहिल्याला साधारण ७.१४ ने गुणलं की दुसरं येतं. म्हणजे तुमच्या जावेचं ०.९ दुसऱ्या लॅबमध्ये ६.४ लिहून येईल. बाई तीच, रक्त तेच. आमच्याकडे एक ताई दोन रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. मधल्या काळात कुणीतरी त्यांना 'अंडी वाढवणारी' पावडर विकली होती, चांगली महागडी. पहिला रिपोर्ट ०.८, दुसरा ५.७. विकणाऱ्याने सांगितलं, बघा, सातपट वाढ. त्या आणखी तीन महिन्यांची पावडर घ्यायला निघाल्या होत्या. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि आकड्यापुढच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं. खूप वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग पावडरीचा डबा पिशवीतून काढून तिथेच ठेवून गेल्या. कृपा करून आकड्याच्या पुढचं एकक वाचल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका.

दुसरं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पुन्हा करायची तर त्याच लॅबमध्ये करा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा. जास्त ताकदीच्या बायोटिनने काही हार्मोनच्या तपासण्या चुकीच्या येतात, म्हणून काही दिवस आधी त्या बंद ठेवायला सांगतात. पाळी नियमित करायच्या गोळ्या, म्हणजे गर्भनिरोधकच, चालू असताना एएमएच खाली दिसतं. ताई, रक्त दिलं तेव्हा जावेला अशा गोळ्या चालू होत्या का? हे नक्की विचारा.

तालुक्याला रक्त काढायला हरकत नाही. फक्त सीरम, म्हणजे रक्ताचा वरचा पाणीदार भाग, वेगळं करून थंड डब्यात गेलं का एवढं विचारा. एएमएच पाळीच्या कोणत्याही दिवशी चालतं. एफएसएच मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, आणि सोबत एस्ट्राडायॉल, म्हणजे बीजकोशातलं इस्ट्रोजेन, हवंच. एस्ट्राडायॉल वाढलेलं असेल तर ते एफएसएचला दाबतं आणि खराब रिपोर्टही चांगला दिसतो. नुसतं एफएसएच करून पैसे वाचत नाहीत, वाया जातात.

वैनगंगाकाठ
मी ब्रह्मपुरी भागात आरोग्याच्या कामात आहे. इथे एवढी चर्चा झाली पण सिकलसेलचं, रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं, नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहिते. आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर पट्ट्यात आणि मेळघाटातही सिकलसेल भरपूर आहे. हार्मोनच्या इंजेक्शनाने एस्ट्राडायॉल नेहमीपेक्षा कितीतरी पट चढतं, रक्तात गाठी होण्याचा धोका वाढतो. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला ओएचएसएस झाला आणि अंगातलं पाणी कमी पडलं तर क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका, येऊ शकतो. अशा बाईचा डोस ठरवताना एएमएचइतकाच हा रिपोर्ट महत्त्वाचा आहे. आणि नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची. टेस्ट ट्यूबवर एवढा खर्च करण्याआधी ही तपासणी करून घ्या. सुरुवातीची चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, पुरुषालाही. त्याने शुक्राणू कमी होतात.

जुनी_जाणती
मी ६८ वर्षांची आहे, आर्वीकडची. आमच्या काळी हे काहीच नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीला मूल झालं नाही, तिच्यावर सवत आणली. सवतीलाही झालं नाही. तेव्हाही कुणाच्या तोंडून निघालं नाही की दोष मेहुण्यांत असेल. बहीण जाईपर्यंत वांझ म्हणूनच जगली. तुरीचं_फूल, तू जावेसाठी एवढं लिहितेस, तुझं कौतुक वाटतं गं. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलं नाहीस. तुझ्या दिराची तपासणी झाली का?

तुरीचं_फूल
आजी, नाही झालेली. यवतमाळला सांगितलं होतं, पण ते 'मले काय झालं' म्हणून टाळत राहिले. घरात कुणी जोर केला नाही, कारण सगळ्यांचं लक्ष तिच्याच फाईलवर.

संत्रेवाला
ताई, भाऊले माह्याशी बोलाले सांगा. मीही आधी लाजलो होतो. पाच मिनिटाचं काम हाय, सुई नाई, कापणं नाई. आन् खर्रा खात असन तं आजपासून बंद. मले डॉक्टरनं पहिले थोच सोडाले लावला होता.

प्रसूतिकक्ष
वीर्य तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको, आणि नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. गावातून डबीत घालून बसने आणला तर वेळ आणि ऊन दोन्हीने रिपोर्ट बिघडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे. एकदा कमी आलं तर लगेच घाबरायचं नाही, पुन्हा करायची. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तंबाखू सोडल्याचा फायदाही तेवढ्या काळानंतर दिसतो.

अर्धी_पाने
थोडं विषयांतर. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात जन्मली, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडमधल्या लुईस ब्राउननंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी. इंग्लंडमध्ये इंजेक्शन न देता, नैसर्गिक पाळीतलं एकच अंडं घेतलं होतं. मुखोपाध्यायांनी मात्र हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त अंडी मिळवली आणि गर्भ गोठवून ठेवून मग सोडला. आज सगळीकडे साधारण याच वाटेने चालतात. त्यांच्या हयातीत सरकारी समितीने त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. हे नाव आपल्याकडे अजून पुरेसं माहीत नाही याची खंत वाटते.

तुरीचं_फूल
सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा नागपूरला जाऊन आलो, सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पहिल्या डॉक्टरांनी पाळीच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी केली, दोन्ही बाजू मिळून सात फॉलिकल दिसले. वजन ५४. त्यांचं म्हणणं, ३०० च्या वर जायची गरज नाही, पाचव्या-सहाव्या दिवशी सोनोग्राफी आणि एस्ट्राडायॉल बघून पुढचं ठरवू. पाळीच्या गोळ्यांचं विचारलं तर खरंच, रक्त दिलं तेव्हा जावेला त्या चालू होत्या! ते म्हणाले, दोन-तीन महिने गोळ्या बंद ठेवून त्याच लॅबमध्ये एएमएच पुन्हा करू, आकडा थोडा वर येऊ शकतो. घाई नाही. तोवर दोघांची सिकलसेल तपासणी आणि दिरांचा रिपोर्ट. दीर तयार झालेत, संत्रेवाला दादा, तुमच्या फोनचाच गुण.

जाऊ गाडीत परत येताना पहिल्यांदा बोलली. म्हणाली, सात आहेत ना.

सासूबाईंना मी 'सात दिसले' एवढंच सांगितलं. त्या आता तेच सगळ्यांना सांगताहेत.

एक शेवटचं विचारते. इंजेक्शनं घरी घ्यायची म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो, लाइटचा तर भरवसाच नाही. फ्रिज बंद पडला तर औषध वाया जातं का?

परीक्षानळी
डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. एफएसएचची बरीच इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. काही पेन ठरावीक काळ २५ अंशांपर्यंत चालतात, पण उन्हाळ्यात आपल्या घरात २५ कुठून येणार. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये तर कधीच नको, गोठलेलं औषध टाकूनच द्यावं लागतं. लाइट गेली की फ्रिज उघडायचा नाही, दोन-चार तास आतला गारवा टिकतो. लांबलं तर थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या, त्यावर कापड आणि मग औषध, बर्फाला थेट लागू द्यायचं नाही. गावातल्या आशाताईंना विचारा, लसींचे डबे कसे भरायचे त्यांना बरोबर माहीत असतं. जमलं तर सगळा साठा एकदम घरी आणू नका, नागपूरच्या दुकानात ठेवून आठवड्याचा-आठवड्याचा घ्या.

प्रसूतिकक्ष
जमत असेल तर शेवटचे चार-पाच दिवस नागपुरातच राहा. ट्रिगरच्या इंजेक्शनाची वेळ घड्याळावर असते, त्यानंतर ३४ ते ३६ तासांत अंडी काढावी लागतात. ते बहुतेक रात्री उशिरा घ्यायचं असतं आणि त्या वेळी राळेगावहून गाडी मिळणार नाही. उपचार सुरू करण्याआधी सेंटरची नोंदणी बघा, २०२१ च्या एआरटी (टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार ती बंधनकारक आहे आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं.

दिरांचा रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका. संख्या, हालचाल आणि आकार, तिन्ही आकडे दिसू द्या. नवीन एएमएच आलं की तेही, एककासकट.